तालुक्याच्या गावी बसून वेबचेच काम करत राहावे का?

बेंबळाकाठ

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहून मी गेली अकरा वर्षे वेब डेव्हलपमेंटचे काम करतो आहे. सुरुवात पीएचपी आणि वर्डप्रेसने झाली, पुढे जावास्क्रिप्ट नीट शिकलो, आणि आज माझ्याकडे दोन जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), एक कृषी सेवा केंद्र, तीन शाळा, एक पतसंस्था आणि पुण्याच्या एका लहान कंपनीकडून तासांच्या हिशेबाने मिळणारे काम एवढे आहे. त्यात घर चालते, घरची आठ एकर शेती बघता येते आणि आई-वडिलांजवळ राहता येते.

यंदा पोळ्याला हिंजवडीहून मावसभाऊ आला होता. तो एआयच्या एका प्रकल्पावर काम करतो. त्याने अगदी जिव्हाळ्याने सांगितले की, "दादा, वेबसाइट बनवण्याचे दिवस गेले. सहा महिने काढ आणि एआय शिकून घे, नाहीतर चाळिशीनंतर तुला कोणी विचारणार नाही." वडील शेजारीच बसले होते. त्या वेळी ते काही बोलले नाहीत, पण रात्री बैलांना चारा टाकून आल्यावर ओसरीवर हळूच म्हणाले, "तुह्या कामाचं काई खरं नाई का रे?" त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आणि म्हणून हा विषय येथे मांडतो आहे.

असा सल्ला मला पहिल्यांदाच मिळालेला नाही. २०१७ साली ब्लॉकचेन शिक म्हणून सांगितले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने आपले नाव बदलून मेटा केले, तेव्हा आभासी जगाचे सांगितले गेले. हे दोन्ही आमच्या गावापर्यंत कधी पोहोचले नाही, म्हणून माझे काही बिघडले नाही. परंतु ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले, त्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मी त्याच रांगेत बसवणार नाही, कारण ते साधन मी स्वतः रोज वापरतो आणि माझे पूर्वीचे दोन दिवसांचे काम त्यामुळे अर्ध्या दिवसात होते. ज्या कामाचे मी पैसे घेत होतो, त्यातला बराच भाग खरोखरच स्वस्त झाला आहे.

तरीही माझे मन का निघत नाही, ते सांगण्यासाठी गेल्या हंगामातला एक प्रसंग लिहितो. एका जिनिंगसाठी मी काट्याच्या नोंदीची लहानशी प्रणाली केली होती. कापसाची गाडी फाटकातून आत आली की शेतकऱ्याचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक भरायचा, काट्यावर आधी भरलेल्या आणि मग रिकाम्या गाडीचे वजन टाकायचे, की निव्वळ वजनाची पावती निघते आणि तिचा दुवा शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी काट्यावरून फोन आला की तीन गाड्यांचे वजन शून्य दाखवते आहे. मी मोटारसायकल काढून तिकडे गेलो. फाटकापासून रस्त्यापर्यंत मेटॅडोर आणि बंड्यांची रांग लागली होती, आणि एक वयस्कर गृहस्थ हातात पावती धरून उभे होते. त्यांनी मला विचारले, "माह्या कापसाचं वजन शून्य कसं आलं, भाऊ?"

काट्यावर त्या दिवशी नवा मुलगा बसला होता आणि त्याच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी होता. त्याने वजन देवनागरी अंकांत टाकले होते : ३८४०. आपल्या डोळ्यांना हा आकडा स्वच्छ दिसतो, पण जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचा आकडा करणारे नेहमीचे फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखते. देवनागरी अंक दिले तर ते 'हा आकडा नाही' असे उत्तर देते. आणि आकडा समजला नाही तर शून्य धरावे, अशी ओळ मीच लिहिलेली होती. कोड कुठे थांबू नये म्हणून घेतलेली ती सोय होती. ज्याने सहा महिने राबून कापूस घरी आणला, सीतादही करून वेचणीला सुरुवात केली, त्याच्या हातात माझ्या त्या ओळीने शून्य ठेवले.

दुरुस्ती काट्याच्या खोलीत बसूनच केली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांच्या क्रमवार यादीत, देवनागरीचे दहाही अंक ओळीने एकापुढे एक ठेवलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी त्याचा इंग्रजी अंक ठेवणे चार ओळींचे काम आहे. शून्य धरण्याची ओळ काढून टाकली. वजन समजले नाही तर पान आता पुढे जात नाही आणि लाल अक्षरांत पुन्हा विचारते. ती चूक माझीच होती आणि तिची लाज मला आजही वाटते. पण त्या दिवसापासून असेही वाटते की, या कामात जे अवघड आहे ते मला आता कुठे समजू लागले आहे, आणि नेमके याच वेळी ते सोडायचे का?

आपल्यापैकी कोणी वेबचे काम सोडले असेल किंवा धरून ठेवले असेल, तर आपला अनुभव मोकळेपणाने सांगावा.

संत्राबाग

आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देतो. मी मूळचा वरूडचा. २०२१ साली वेबचे काम सोडून नागपुरात डेटाच्या क्षेत्रात गेलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

पाच पानांच्या वेबसाइटचा धंदा संपला आहे, हे मान्य करावे लागेल. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाची यादी टाकता येते, गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, आणि एवढ्यावर भागले नाही तर एआय साधन बसल्या जागी पान तयार करून देते. आपल्या शाळा अजून पैसे देतात, याचे एक कारण असे की त्यांना दुसरा मार्ग अजून कोणी दाखवलेला नाही. ज्या दिवशी एखादा शिक्षक स्वतः पान बनवील, त्या दिवशी ते काम हातून जाईल.

पैशांविषयीही बोलले पाहिजे. वेब सोडताना मला जे मिळत होते, त्याच्या दुप्पट मला नव्या कामात दोन वर्षांत मिळू लागले. लग्नाची बोलणी करताना मुलीकडच्यांना 'वेबसाइट करतो' याचा अर्थ समजत नव्हता. 'डेटा सायंटिस्ट' म्हटल्यावर त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण गावाकडच्या मुलाला हा हिशेब सुटत नाही.

आणि एक गोष्ट आपल्याच प्रसंगातून सांगतो. आपला कोड दुसऱ्या कोणी वाचला असता, तर ती शून्याची ओळ काट्यावर पोहोचण्याआधीच पकडली गेली असती. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करताना तो दुसरा माणूस मिळत नाही. माझ्या दृष्टीने क्षेत्र बदलण्यापेक्षाही हा प्रश्न मोठा आहे, आणि तो मला पगारापेक्षा जास्त टोचत होता.

कोळसापट्टा

मी वणीजवळ राहते आणि घरून एका परदेशी कंपनीसाठी वेबवरच काम करते. संत्राबागभाऊंचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पहिला मुद्दा मात्र अर्धाच पटतो, कारण त्यात वेबसाइट विकणे आणि वेबचे काम जाणणे या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

जगातले पहिले वेब पान टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तयार केले आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला खुले झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान कोणतेही शुल्क न घेता सर्वांसाठी मोकळे केले. ते पहिले पान आजच्या मोबाइलवरही उघडते, कारण जुनी पाने मोडायची नाहीत असा दंडक ब्राउझर बनवणाऱ्यांनी बहुतांशी पाळला आहे. याच्या उलट, पानांवर हलती चित्रे आणि खेळ दाखवणाऱ्या फ्लॅशचे झाले. मी शिकत होते तेव्हा फ्लॅश येणाऱ्याला मोठा मान होता, पण ते एका कंपनीच्या मालकीचे होते आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीनेच त्याचा आधार थांबवला. ज्यांनी फक्त फ्लॅश शिकले होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि ज्यांना एचटीएमएल (वेब पान लिहिण्याची भाषा), ब्राउझर आणि सर्व्हर यांचे नाते समजले होते त्यांचे ज्ञान वाया गेले नाही. म्हणून 'वेबमध्ये राहावे का' या प्रश्नाआधी आपण वेबमध्ये आहोत की वेबच्या एखाद्या अवजारात आहोत, हे प्रत्येकाने तपासावे.

माझे काम दिव्यांग व्यक्तींना पाने वापरता यावीत यासाठीचे आहे. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि २८ जून २०२५ पासून युरोपीय संघात तिथला सुगम्यतेचा कायदा लागू झाला. त्यामुळे तिकडे ग्राहकांना सेवा विकणाऱ्या कंपन्यांना आपली पाने तपासून घेणे भाग पडले आहे. आपल्याकडेही २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे. हे काम कोणाच्या चर्चेत नसते, मात्र माझ्याकडे ते गेल्या वर्षापासून वाढले आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून, डोळे मिटून, केवळ ऐकत एक अर्ज भरून पाहिला की, पान कुठे अडते ते दहा मिनिटांत समजते. बटणाला नाव दिलेले नसेल तर कानाला नुसते 'बटण, बटण, बटण' एवढेच ऐकू येते.

बेंबळाकाठभाऊंनी अंकांविषयी लिहिले आहे, म्हणून त्याला लागून एक गोष्ट सांगते. आपल्या पानाची भाषा मराठी आहे, हे एचटीएमएलच्या सुरुवातीच्याच एका ओळीत सांगायचे असते, आणि आपल्याकडची बरीच पाने तिथे इंग्रजी किंवा हिंदी लिहून मोकळी होतात. ती भाषा मराठी अशी सांगितली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर 'ल' आणि 'श' ही अक्षरे आपण शाळेत गिरवली त्या मराठी वळणाची दिसतात. नाहीतर ती हिंदी वळणाची दिसतात. स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचे ते त्याच ओळीवरून कळते. ही गोष्ट शिकवणारा वर्ग मला कुठे सापडला नाही. ती मी फॉन्ट बनवणाऱ्यांचे लेख वाचून शिकले.

जंगलकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यात आहे. येथे प्रश्न वेब की एआय असा नसून रेंज आहे की नाही असा असतो, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे आमच्या भागातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, रोज संध्याकाळी पुडक्यांची मोजणी होते, कोणत्या घराने किती पुडकी आणली ते वहीत लिहिले जाते, आणि नंतर त्या वहीवरूनच मजुरीचे पैसे वाटले जातात. आमच्या ओळखीच्या एका ग्रामसभेने मला ही वही मोबाइलवर करून मागितली. फळीवर रेंज अजिबात नसते.

मी अ‍ॅप केले नाही, वेब पानच केले. एकदा गावात रेंज असताना ते उघडले की सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये मागे चालणारा लहानसा कोड, ते पान मोबाइलमध्ये साठवून ठेवतो, फळीवरच्या नोंदी ब्राउझरच्या आतल्या साठ्यात जमा होतात, आणि मोबाइल रस्त्याच्या कडेला रेंजमध्ये आला की त्या वर पाठवल्या जातात. पूर्ण पानाचे वजन मी ६० केबीच्या आत ठेवले, कारण रेंज मिळते तीही पाच-सात मिनिटे टिकते. सर्वांत जास्त वेळ एका साध्या प्रश्नाने खाल्ला : दोन मोबाइलवर एकाच घराची नोंद झाली तर कोणती खरी धरायची? शेवटी मी दोन्ही ठेवल्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवण्याची सोय केली. मशीनने परस्पर एक नोंद पुसणे लोकांना मान्य झाले नसते, आणि ते योग्यही झाले नसते.

मला या कामाचे फार पैसे मिळाले नाहीत, हे खरे आहे. मी उरलेले महिने नागपूरच्या एका कंपनीचे बॅकएंडचे, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचे, काम करतो.

धानपट्टा

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बीसीएच्या मुलांना शिकवतो. वरची चर्चा अनुभवी माणसांची आहे आणि माझी काळजी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांची आहे. धानाचे चुकारे आले की काही पालक एआयच्या सहा महिन्यांच्या वर्गाची फी भरतात, आणि तो वर्ग करून आलेल्या मुलाला साध्या अर्जातला मजकूर डेटाबेसपर्यंत कसा जातो हे सांगता येत नाही. दुसरीकडे, नुसते वेब शिकलेल्या मुलाला पहिली नोकरी मिळणे गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत अवघड झाले आहे. मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की वेब शिका?

बेंबळाकाठ

सर, आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबलो, कारण घाईने दिलेले उत्तर एखाद्या मुलाचे वर्ष घालवू शकते.

या दोन दिवसांत मी एक गोष्ट करून पाहिली. काट्याच्या वजनाचा तोच अर्ज एका एआय साधनाला लिहायला सांगितला. त्याने माझ्यापेक्षा सुबक कोड दिला, चुकांच्या सूचना मराठीत लिहून दिल्या, पण देवनागरी अंक टाकल्यावर तो अर्जही अडला. काट्यावरचा मुलगा मराठी कीबोर्ड वापरतो असे सांगितल्याबरोबर त्याने ते क्षणात दुरुस्तही केले. म्हणजे लिहिण्याचे काम त्याने माझ्याकडून घेतले आणि सांगण्याचे काम माझ्याकडे राहिले. ते सांगता यावे म्हणून मला काट्यावर जाऊन उभे राहावे लागले होते, आणि कोड वाचून तो कुठे अडतो हे समजावे लागले होते.

म्हणून मुलांना वेब जरूर शिकवावे, पण वेबसाइट बनवून विकण्यासाठी शिकवू नये असे मला वाटते. ब्राउझरने मागणी केल्यावर सर्व्हरपर्यंत काय काय घडते, डेटाबेस बिघडला तर परत कसा आणायचा, आणि दुसऱ्याने किंवा मशीनने लिहिलेला कोड ओळीने वाचून त्यातली चूक कशी दाखवायची, हे त्यांना आले पाहिजे. एआय साधन पहिल्या दिवसापासून वापरू द्यावे, मात्र त्याने दिलेली प्रत्येक ओळ फळ्यासमोर उभे राहून समजावून सांगायला लावावी. पहिल्या नोकरीची अडचण याने सुटेल असे मी म्हणणार नाही. आमच्या गावातली दोन मुले माझ्याकडे शिकली; एकाला पुण्यात काम मिळाले आणि दुसरा आठ महिन्यांपासून घरी आहे, आणि दोघांपैकी जास्त हुशार तो घरी असलेलाच आहे.

संत्राबागभाऊ, दुसऱ्या माणसाविषयी आपण लिहिलेले मला झोंबले, कारण ते खरे आहे.

संत्राबाग

झोंबावे म्हणून लिहिले नव्हते. पैशांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आपण जिनिंगचे काम एकदाच पैसे घेऊन करता की वर्षाचे ठरवता? माझे वेबचे दिवस आठवले तर माझा तोटा तिथेच झाला. पान एकदा करून दिले की पुढची तीन वर्षे फोनवर फुकट दुरुस्त्या करत राहायचो.

बेंबळाकाठ

आधी मीही तेच करत होतो. गेल्या चार वर्षांपासून मी बनवण्याचे पैसे कमी घेतो आणि देखभालीचा वार्षिक करार करतो, ज्यात बॅकअप, सुरक्षेचे अपडेट, डोमेन आणि होस्टिंगचे नूतनीकरण आणि हंगामात फोन आला तर त्याच दिवशी जाणे हे लिहिलेले असते. सुरुवातीला लोक तयार नव्हते. मी त्यांना विचारले की जिनिंगच्या मशीनचे ऑइलिंग आपण कशासाठी करता, आणि तेवढ्याने एका मालकाला पटले. पैसे मात्र कापसाच्या हंगामाप्रमाणेच येतात : दिवाळी ते फेब्रुवारी या काळात बहुतेक वसुली होते, जून ते सप्टेंबर हातात काही नसते, आणि भाव पडलेल्या वर्षी कृषी सेवा केंद्राची उधारी मार्चपर्यंत जाते. ते चार महिने पुण्याच्या कंपनीच्या कामावर निघतात. आपल्या पगाराची बरोबरी यातून होत नाही आणि ती होईल असेही मी कोणाला सांगणार नाही. आमचे घर स्वतःचे आहे आणि शेती आहे, म्हणून मला ते परवडते. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याने माझा हिशेब धरू नये.

कोळसापट्टा

माझी एक सूचना आहे. आपण चौघे-पाचजण एवढ्या अंतरावर आहोत, तर आठवड्यातून एकदा एकमेकांचा कोड वाचायला काय हरकत आहे? मी रविवारी सकाळी दोन तास देऊ शकते. ग्राहकाची माहिती काढून टाकून फक्त कोड द्यावा. धानपट्टा सरांचे दोन-तीन विद्यार्थी ऐकायला बसले तर त्यांनाही चूक शोधताना माणसे काय बघतात ते कळेल.

धानपट्टा

माझ्या चार मुली आणि दोन मुले तयार आहेत. महाविद्यालयाची प्रयोगशाळा रविवारी बंद असते, म्हणून ती माझ्या घरी बसतील.

जंगलकाठ

मी येईन. रेंज गेली तर नंतर लिहून पाठवीन. मला काट्याचे पान आधी बघायचे आहे, कारण जिनिंगवर इंटरनेट बंद पडले तर ते काय करते, हे वर कोणी विचारलेले नाही.

बेंबळाकाठ

इंटरनेट बंद पडले तर ते काहीच करत नाही, आणि कागदी पावतीवर काम चालते. हे लिहिताना मला त्यातली उणीव दिसते आहे. वेचणी सुरू व्हायला अजून थोडे आठवडे आहेत, तेवढ्यात आपल्या फळीच्या पानासारखी नोंद साठवण्याची सोय करायचा प्रयत्न करतो. कोड शनिवारी रात्री पाठवतो.

काल वडिलांना मी गेल्या वर्षीची एक पावती मोबाइलवर उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून वजन मोठ्याने वाचले, मग गाव वाचले आणि विचारले की हे पिंपळगाव कोणते, आपल्या नदीकडचे की रस्त्यावरचे. पावतीवर ते लिहिलेले नव्हते. यादीत गावाच्या नावापुढे तालुका आणि पोस्ट दाखवण्याचे काम मी आज सकाळी हाती घेतले आहे. शनिवारच्या कोडमध्ये तेही असेल.